तीन मुद्दे विरुद्ध बाजूचे

सरांनी ठमीच्या यादीतल्या दुसऱ्या ओळीवर लाल पेनानं काट मारली आणि वही तिच्याकडे सरकवली.

"हे सोड. दुसरी कुठली तरी सुधारणा निवड."

"का सर?"

"कारण हिच्या बाजूनं तू अडीच पानं लिहिली आहेस आणि विरुद्ध एक ओळ. तीही मारूनमुटकून. परीक्षक दूधखुळा नसतो, बाळा."

विधी अभ्यासाच्या पेपरात शेवटचा प्रश्न ठरलेला असे: न्यायव्यवस्थेतल्या कोणत्याही दोन सुधारणांची चर्चा करा. मार्क वीस. त्यावर सरांचा नियमही ठरलेला: प्रत्येक सुधारणेला तीन मुद्दे बाजूनं, तीन विरुद्ध, आणि जिच्यात आपला जीव अडकलाय ती निवडायचीच नाही. आख्खा वर्ग शहाणा निघाला. कुणी ऑनलाइन दावे घेतले, कुणी संध्याकाळची न्यायालयं. ठमीनंही पहिल्या जागी संध्याकाळची न्यायालयं मुकाट्यानं लिहिली होती. दुसऱ्या जागी मात्र ती हटून बसली होती. मुलांच्या ताब्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी मुलाला एकट्याला खोलीत बोलावून त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असा तो नियम होता.

"सोमवारपर्यंत विरुद्ध बाजूचे तीन मुद्दे आण," सर म्हणाले. "आणलेस तर घे. नाहीतर ऑनलाइन दावे. आणि तोंड पाडू नकोस, खटला नाही हरलीस."

ठमीच्या मते ती हरलेलीच होती, आणि तेही पाचव्या वर्षी. मुलाला विचारण्याचा हा नियम आला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आईबाबांचा खटला त्याच्या चार वर्षं आधीच निकालात निघाला: मुलगी आईकडे, मुलगा वडिलांकडे. घरातली भांडी वाटावीत तशी वाटणी. दादा तेव्हा अकराचा. बाबा त्याला घेऊन सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात राहायला गेले. दादानं सुट्टीत आठ दिवस यायचं ठरलं होतं. पहिल्या वर्षी आठाचे पाच झाले, मग दोन, मग नुसते फोन. आता वाढदिवसाला त्याचा फोन यायचा आणि त्यात दोन वाक्यं असायची, "अभ्यास कर" आणि "आईला त्रास देऊ नकोस". नातेवाईक म्हणत, लहान होती, सवय झाली असेल. सवय कसली होतेय डोंबलाची! तिच्या खोलीतल्या दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर, दादाच्या जागी, जास्तीची पांघरुणं ठेवलेली होती, आणि ठमी अजून खालीच झोपायची. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मला दादा पाहिजे. अडीच पानांत शब्द बरेच होते, पण म्हणणं एवढंच होतं.

रविवारी दुपारी आई हॉस्पिटलच्या गणवेशाला इस्त्री करत होती. ती एक्स-रे विभागात कामाला होती.

"आई, मुलाला विचारू नये याला एखादं कारण सांग ना. पेपरसाठी हवंय."

इस्त्री बाहीवर जरा जास्तच वेळ थांबली.

"दादाला विचार."

"त्याला काय माहीत असणार? तू सांग की."

"मी काय सांगू? मी तेव्हा खोलीच्या बाहेर होते," आई म्हणाली आणि गणवेश उलटा करून पाठीकडून इस्त्री करायला लागली. तिनं एकदा तोंड मिटलं की मिटलं. ठमीनं वही-पेन घेतलं आणि गॅलरीत जाऊन फोन लावला.

"आज वाढदिवस आहे का कुणाचा?" दादानं दचकून विचारलं. तो टायरच्या दुकानात होता, मागे माणसांचा गलका होता.

"कुणाचा नाही. मुद्दे हवेत." तिनं सरांचा नियम सांगितला, सुधारणा सांगितली. आईनं तुझं नाव सुचवलं, हेही सांगितलं. मागचा गलका कमी झाला. तो बाहेर आला असावा.

"घे लिहून. एक. मूल ज्याच्याकडे राहतं त्याचंच पढवलेलं बोलतं."

"हा चांगला आहे."

"दोन. मोठ्यांना ठरवता येत नाही म्हणून ते ओझं पोराच्या डोक्यावर टाकायचं. मग ते त्यानं जन्मभर वाहायचं."

"अरे, तू वकील का नाही झालास?"

"तीन. मूल खरं सांगेल असं सगळे धरून चालतात."

"का नाही सांगणार?"

"मला विचारलं होतं, ठमे."

"शक्यच नाही. तेव्हा नियमच नव्हता."

"नियम नसेल. न्यायाधीश बाई चांगल्या होत्या. आत बोलावलं, पाणी दिलं, म्हणाल्या, कुणाकडे राहायचंय ते सांग, घाबरू नकोस. दाराला काच होती. बाहेर एका बाकावर आई, तू तिच्या मांडीवर झोपलेली. समोरच्या बाकावर बाबा. झोपेत तुझा एक बूट पडला होता, तो हातात धरून एकटेच बसलेले. मी म्हटलं, बाबांकडे."

ठमीनं पेन खाली ठेवलं. बारा वर्षं ती एका न पाहिलेल्या न्यायाधीशावर दात धरून होती. ती बाई तर बिचारी पाणी देणारी निघाली. आता रागवायला कुणीच उरलं नव्हतं, आणि त्यानं तिला फारच एकटं वाटलं.

"आणि खरं काय सांगायचं होतं?"

"हे पेपरात येणारे का?"

"दादा."

"घरी यायचं होतं गं. दुसरं काय." तो घाईनं पुढे म्हणाला, "लिहून टाक तो मुद्दा. मार्क पडतील. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

तिनं लिहिला नाही. वही मिटली.

"आणि आत्ता विचारलं तर?"

"आत्ता तेवीस वर्षांचा घोडा झालोय मी. आत्ता कोण विचारतंय!"

"मी विचारतेय," ठमी म्हणाली.

"जरा थांबा, घरचा फोन आहे," तो पलीकडे दुकानातल्या कुणाला तरी ओरडून म्हणाला. त्यानं फोन ठेवला नाही.