क्लेम पॅस्कोची चुकीची शिट्टी

टंबरीच्या कुत्रेबाजारात क्लेम पॅस्कोनं चाळीस वर्षं कुत्री विकली, आणि चाळीस वर्षांत एकही माणूस तक्रार घेऊन त्याच्या दारात आला नाही. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. दुसरं कुणी सांगत असलं, की टोपी सारखी करत तिथंच घुटमळायचा, एवढंच.

यंदाची शेवटची. डॉट तिचं नाव. पाच वर्षांची तांबडी कुत्री, मेंढ्या वळणाऱ्या केल्पी जातीची, एक कान उभा, एक पडलेला. क्लेमचा खुबा कामातून गेला होता, जमीन शेजाऱ्याला कसायला दिली होती, आणि सोमवारी त्याची मुलगी जोसी त्याला अ‍ॅडलेडला घेऊन जाणार होती. तिच्या इमारतीत कुत्रं चालत नाही. मांजर चालतं म्हणे. क्लेमनं यावर जे म्हटलं ते जोसीनं फोनवर ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता, कुणा बऱ्या माणसाला बोलावून डॉटची साखळी गुपचूप त्याच्या हातात द्यायला क्लेमला कुणी अडवलं नव्हतं. पण नाही. शेवटचं पॅस्को कुत्रं सगळ्या गावादेखत, सगळ्यात चढ्या भावानं गेलं पाहिजे, ही म्हाताऱ्याची हौस. फेब्रुवारीतच त्यानं तिचं नाव बाजाराच्या यादीत घातलं. यादी एकदा छापली की नाव मागे घेता येत नाही. मालक मेला तरी त्याचा मुलगा कुत्रं घेऊन उभा राहतो, असा इथला शिरस्ता.

आणि बाजाराच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दोन गोष्टी झाल्या.

सकाळी टॅमझिन नोल नावाची पोरगी कुत्री बघायला आली. सव्वीस वर्षांची, दुसऱ्याच्या मेंढ्यांवर मजुरीनं राबणारी, एका डबड्या पिकअपची मालकीण. आल्या आल्या तिनं डॉटला हात लावला नाही, हाकही मारली नाही. अंगणात मातीत बसली आणि क्लेमशी पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिली. तासाभरानं डॉट आपणहून उठली आणि तिच्या बुटावर हनुवटी टेकून झोपली. क्लेम चहा करायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला.

"माझ्याकडे सहा हजार डॉलर आहेत, क्लेम," जाताना टॅमझिन म्हणाली. "एक सेंट जास्त नाही. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे उद्या मी गप्प झाले तर मन भरलं नाही असं समजू नका."

दुपारी कळलं, की डेस रडॉकनंही खरेदीदारांत नाव घातलं आहे.

डेस रडॉक म्हणजे टंबरीतला सगळ्यात मोठा कळप. गावच्या क्लबच्या हॉलचं छप्पर त्याच्या पैशाचं, पोरांच्या जर्सीवर त्याचं नाव. डॉटच्या आईच्या आधीच्या वेतातला जेट नावाचा कुत्रा क्लेमनं त्यालाच विकला होता. पुढं एका जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, डेसनं जेटला पिकअपच्या उघड्या पत्र्यावर आखूड साखळीनं बांधलं आणि तो ऑफिसात लोकरीचा सौदा करायला बसला. आत गार हवा होती. सौदा लांबला. रस्त्यानं अर्धं गाव गेलं आलं. जेट ओरडत होता, मग ओरडायचा थांबला. कुणी साखळी सोडली नाही, कारण दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, ही टंबरीची रीत. मोठी सभ्य रीत. क्लेम पॅस्कोसुद्धा त्या पिकअपशेजारून दोनदा गेला होता. दोनदा. हे त्यानं जोसीलाही कधी सांगितलं नव्हतं.

"नशीब बिचाऱ्याचं," असं डेस तेव्हा म्हणाला होता, आणि गावानं मान हलवली होती.

शनिवारी सकाळी मैदानाच्या कुंपणाला माणसं दाटीनं टेकली होती. बायकांच्या मंडळानं चहाबरोबर विकायला ठेवलेले गोड स्कोन-पाव दहालाच संपले होते. इथला रिवाज असा, की सकाळी मालकानं आपलं कुत्रं दहा मेंढ्यांवर चालवून दाखवायचं, आणि दुपारी बोली. दुपारी हातोडी पडायच्या आधी लिलाववाला मालकाला विचारतो, "शेवटचा शब्द?" तेव्हा कुत्र्यात काही खोट असेल तर ती तिथंच, सगळ्यांसमोर सांगायची. ती ऐकून वरच्या बोलीवाल्याला माघार घ्यायची मुभा असते. मग कुत्रं त्याच्या खालची बोली लावणाऱ्याला, त्या खालच्या बोलीच्या भावात. बहुतेक मालक म्हणतात, घोरते, किंवा पाद्र्याच्या कोंबड्या खाते. लोक हसतात, हातोडी पडते.

क्लेम रात्रभर जागा होता आणि सकाळपर्यंत त्याचं ठरलं होतं. डॉटचं काम बिघडवायचं. एकदाच, सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल असं. डेस मेंढ्यांपुढे कच खाणाऱ्या कुत्र्यावर पैसे लावणारा नव्हता. भाव पडेल, पोरगी घेऊन जाईल. चाळीस वर्षांचं नाव जाईल, पण नाव काय सोबत अ‍ॅडलेडला न्यायचं आहे? असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि ते त्याला अजिबात पटलं नाही.

तो काठी टेकत मैदानात उतरला. डॉट त्याच्या डाव्या पायाशी. त्यानं शीळ घातली तशी ती उजवीकडून लांब वळसा घेऊन गेली, पोट जमिनीला लावून, धूळसुद्धा न उडवता. मेंढ्या तिनं गोळा केल्या, सरळ रेषेत आणल्या. कुंपणावरची बडबड थांबली. इथल्या लोकांना कुत्र्याचं काम कळतं. दुसरं फारसं काही कळत नसेल, पण ते कळतं.

मेंढ्या कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी एक दांडगी मेंढी फुटली. तिच्यामागं बाकीच्या. सगळ्या डावीकडे, गाड्या लावल्या होत्या त्या फाटकाकडे सुटल्या. इथं डावीकडे पळायची शिट्टी हवी होती, आणि ती लगेच हवी होती.

क्लेमनं दोन बोटं तोंडात घातली आणि एक लांब, सपाट शिट्टी दिली. बस. आहे तिथं बस.

डॉट बसली. मेंढ्या पळत होत्या. आणि तिनं मान वळवून क्लेमकडे पाहिलं.

पाच वर्षांत कामाच्या मध्ये तिनं कधी मागे पाहिलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. शिट्टी आली म्हणजे ती बरोबर असणार, एवढंच तिला ठाऊक होतं. आता ती बघत होती, आणि क्लेमला वाटलं जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्यानं पुन्हा तीच शिट्टी दिली. डॉट उठली. डावीकडे सुटली, फाटकाच्या दहा हात अलीकडे मेंढ्यांना आडवी गेली, त्या दांडगीच्या नाकासमोर उभी ठाकली, आणि सगळा घोळका वळवून वाडग्यात घातला.

कुंपणावर टाळ्यांचा कडकडाट झाला. टोप्या उडाल्या. कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या, तू घरी बस, तिलाच पेन्शन दे!"

डॉट येऊन डाव्या पायाशी बसली. क्लेम हात तिच्या डोक्यावर ठेवायला धजावला नाही.

दुपारी पाण्याच्या टाकीमागच्या सावलीत डेस रडॉकनं त्याला गाठलं. हातात सॉसेजचा पाव, तोंड हसरं.

"कुत्री झकास आहे," तो म्हणाला.

"आहे."

"बसायची शिट्टी दिलीस तू. दोनदा." डेसनं पावाचा घास घेतला. "बाकीच्यांना वाटलं तुझ्याच खुणेनं पळाली. पण मी तुझी कुत्री राबवलीत, क्लेम. तुझ्या शिट्ट्या मला पाठ आहेत."

क्लेमनं काठी पायाशी रोवली.

"मुद्दाम खोटं काम दाखवणं म्हणजे नाव यादीतून कायमचं बाद. तुझ्या बापानंच केलेला नियम ना तो? क्लबात तुमच्या कुत्र्यांचे फोटो लावलेत, तेही उतरतील." आता तो हसत नव्हता. "कुणाला द्यायची होती? त्या नोलच्या पोरीला? की मला द्यायची नव्हती?"

"तुला द्यायची नव्हती."

"अजून तो जेटच घेऊन बसलायस? अरे गड्या, कुत्रं होतं ते."

"हो. कुत्रं होतं."

डेसनं पावाचा कागद चुरगाळून टाकला. "हे बघ. मी तोंड उघडत नाही, तूही उघडू नकोस. 'शेवटचा शब्द' विचारतील तेव्हा म्हण, घोरते. माझ्या हातात साखळी दे आणि जा सुखानं अ‍ॅडलेडला. नाव शाबूत, पैसे खिशात. आणखी काय पाहिजे तुला?"

आणि क्लेमला त्या क्षणी ते खरंच बरं वाटलं. तेही सांगायला हवं. क्लबातल्या भिंतीवरच्या त्या फोटोंत कुत्र्यांसोबत त्याचा बापही होता.

बोली अडीचला लागली. लिलाववाला व्हिन्स गाडीच्या टपावर उभा, खाली रिंगणात क्लेम आणि डॉट. दोन हजारांपासून सुरुवात झाली, पाच-सहा हात वर होते. चार हजारांवर तिघं राहिले, पाचावर दोघं. टॅमझिन कुंपणाच्या पहिल्या गजावर चढून उभी होती. डेस लांबवर खुर्चीत बसून हातातली यादी नुसती उचलत होता, माश्या हाकलाव्या तशी.

"साडेपाच! रडॉक!"

"सहा," टॅमझिन म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

यादी उचलली गेली.

"साडेसहा! पोरी, साडेसहा आहेत. सात म्हणतेस?"

टॅमझिननं डॉटकडे पाहिलं, मग क्लेमकडे, आणि मान हलवली. ती गजावरून खाली उतरली आणि गर्दीत पाठमोरी झाली.

"साडेसहा हजार, एक! साडेसहा, दोन!" व्हिन्सनं हातोडी उचलली. "क्लेम, शेवटचा शब्द?"

सगळे हसायच्या तयारीत. डेस पाय लांब करून बसलेला.

"आहे," क्लेम म्हणाला. "खोट आहे."

"घोरते वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

"ऐकत नाही." त्याचा आवाज लहान होता, लोकांना पुढे वाकावं लागलं. "सकाळी मेंढ्या फुटल्या तेव्हा मी तिला बसायची शिट्टी दिली. दोनदा. मुद्दाम दिली. तिचं काम बिघडावं म्हणून. दुसऱ्यांदा तिनं ऐकलं नाही."

व्हिन्सची हातोडी हवेत तशीच राहिली.

"क्लेम, तू काय बोलतोयस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय. बाद करायचं ते नाव करा, माझं आणि बापाचंही. तिचं करू नका. खोटेपणा माझा होता." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला ती एका माणसाच्या हाती जाऊ द्यायची नव्हती. सहा वर्षांपूर्वी लोकरीच्या ऑफिसासमोर जेट बांधला होता. तुम्ही सगळे तिथून गेलात. मीही गेलो. दोनदा गेलो, आणि साखळी सोडली नाही. आज सोडतोय. झाला माझा शब्द."

कुणी कुणाकडे पाहिना. बायकांच्या मंडळातल्या एकीनं कपबशी खाली ठेवली, बशीचा आवाज पार रिंगणापर्यंत आला. मग एकेक करून माना वळल्या. क्लेमकडे नाही, खुर्चीकडे. ज्या हॉलचं छप्पर डेसनं दिलं त्या हॉलात नाचलेली माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती, आणि सहा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"मिस्टर रडॉक," व्हिन्स म्हणाला. एरवी तो त्याला डेस म्हणायचा. "खोट सांगितलीये. बोली ठेवता की सोडता?"

डेसचं तोंड लालबुंद झालं होतं. तो उठला, यादीची गुंडाळी करून खिशात कोंबली.

"न ऐकणारं कुत्रं काय करायचंय मला," तो म्हणाला. "ठेवा तुमच्याकडे." आणि तो गर्दीतून निघाला. त्याला वाट द्यायला लोक जरा जास्तच मागे सरले.

"खालची बोली, सहा हजार. नोल." व्हिन्सनं हातोडी अशी आपटली की टप वाजला.

नंतर व्हिन्स खाली उतरून क्लेमजवळ आला. "पुढच्या वर्षीपासून नाव काढावं लागेल, क्लेम. माझा इलाज नाही."

"काढ."

"फोटोसुद्धा."

"म्हटलं ना, काढ."

टॅमझिन रिंगणात आली. रडून तिचा चेहरा डागाळला होता. रीत म्हणून क्लेमनं स्वतः साखळी तिच्या हातात दिली. ती काही बोलायला गेली, तर त्यानं मान हलवून नको म्हटलं.

"दुपारची सावलीत ठेव," एवढंच तो म्हणाला.

पण डॉट हलेना. टॅमझिननं साखळी ओढली नाही, नुसती पुढं चालून उभी राहिली. साखळी ताणली गेली. डॉट क्लेमच्या डाव्या पायाशी बसून होती.

क्लेमनं दोन बोटं तोंडात घातली. ओठ कोरडे पडले होते, पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. मग शिट्टी आली. जा.

डॉट उठली. दोन पावलं गेली, थांबली, आणि मान वळवून तिनं क्लेमकडे पाहिलं, सकाळी पाहिलं होतं अगदी तसंच. ही शिट्टी खरी की खोटी, ते ती बघत होती. एकदा फसवून गेलेल्या माणसाकडे बघतात तसं.

"खरी आहे गं," क्लेम म्हणाला. "ही खरी आहे."

त्यानं पुन्हा शिट्टी दिली. डॉट अजून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग वळली आणि टॅमझिनच्या डाव्या पायाशी लागून चालू लागली.