दारात उभी राहिलेली व्हॅन

मित्रांनो, आता मला पाहून कुणी घाईघाईनं जिना उतरत नाही. कार्यशाळेच्या मागच्या भिंतीशी उभी असलेली, टायरांतली हवा गेलेली ती पांढरी व्हॅन म्हणजे मी. पांढरी आपलं सवयीनं म्हणायचं. दारांच्या कडा गंजल्यात, वायपरखाली पानांचा लगदा झालाय आणि मागच्या सीटखाली एका मांजरीनं संसार थाटलाय. तिचं काही म्हणणं नाही. माझंही नाही.

विद्यापीठात आले तेव्हा मी नवीकोरी होते. माझ्यासोबत जन्मलेल्या बहिणींपैकी कुणी शाळेची मुलं नेऊ लागली, कुणी भाजीच्या जाळ्या वाहू लागली, एकीच्या वाट्याला तर मेलेल्यांना पोचवणं आलं. माझ्या नशिबी हसती-भांडती, मोठ्यानं बोलणारी पोरं आली. मी स्वतःला भाग्यवान समजत होते.

आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक सत्रभर बाहेर, खऱ्या कामाच्या ठिकाणी जाऊन शिकावं लागतं. त्याला इंटर्नशिप म्हणतात. कुणाला कुठं पाठवायचं, तिथं त्याला काम शिकवतात की नुसतं राबवतात, हे पाहण्यासाठी तळमजल्यावर एक विभाग आहे. त्याच्या प्रमुख होत्या बाई. अंगानं काटकुळ्या, चालणं भरभर, आणि हसू आलं तरी ओठ मिटूनच हसायच्या. शिकवायला लागण्याआधी त्यांनी स्वतः एका गिरणीत यंत्रांवर काम केलं होतं. त्यामुळं त्यांना कुणी चुना लावू शकत नसे.

‘अर्जावर सगळेच कारखाने हवेशीर असतात, काका. चला, वास घेऊन येऊ,’ असं म्हणून त्या पुढच्या सीटवर बसायच्या. काका म्हणजे माझे चालक. माणूस बोलायला फटकळ, पण गिअर असा बदलायचे की मागं झोपलेल्याची झोप मोडू नये. रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझी काच पुसायचे आणि आदल्या दिवशी मागं सांडलेल्या शेंगांच्या टरफलांवरून साऱ्या तरुण पिढीचा उद्धार करायचे.

बाईंची पाहणीची रीत अजब होती. मालकाच्या खोलीत चहाला बसण्याआधी त्या मुलींचं स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारायच्या. मग मुलांना जिथं उभं राहून काम करायचं तिथं स्वतः जाऊन उभ्या राहायच्या. जागा पसंत पडली तर परतताना गप्प असायच्या. पसंत पडली नाही तर माझं दार असं आपटायच्या की काका मला चुचकारत.

एकदा एका छापखान्यात पाठवलेल्या मुलाला मालकानं महिनाभर पाहुण्यांच्या सरबराईला जुंपलं होतं. बाईंनी त्याला तिथल्या तिथं परत आणलं. तो मागच्या सीटवर खिडकीकडं तोंड करून रडला. काकांनी काही न बोलता रेडिओ मोठा केला, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. पुढं तो चांगल्या ठिकाणी लागला. आमचं असं बरंच कौतुक झालं. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात माझा फोटोसुद्धा छापून आला. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला पोट आत घेतलेले काका, आणि मधोमध चकचकीत मी.

त्याच सुमाराला एक मुलगी पहिल्यांदा माझ्यात बसली. तिचा वर्ग एक कार्यशाळा बघायला निघाला होता. वाटेत तिनं काकांना भंडावून सोडलं. हा आवाज कसला, तो काटा का हलतो, ब्रेक दाबल्यावर नक्की काय दाबलं जातं. वर्गातली मुलं तिला ‘चौकशी’च म्हणत. काकांनी पुढं ‘ताई’ जोडलं आणि ती चौकशीताई झाली. वाटेत मी जरा गरम झाले तेव्हा काकांनी बॉनेट उघडलं, तर ही सगळ्यांच्या आधी खाली उतरून माझ्या पोटात डोकावत होती. मित्रांनो, गाडीत सगळेच बसतात. गाडीच्या आत काय चाललंय हे विचारणारं एखादंच असतं. ती मला आवडली.

मग दिवस पालटले. मुलांची संख्या वाढली, कामाची ठिकाणं दूरदूर पसरली. नवे कुलसचिव आले. माणूस वाईट नव्हता, नेटका होता. त्यांनी सगळा कारभार संगणकावर आणला. मुलांनी आठवड्याला दोन बटणं दाबून सांगायचं की आपण बरे आहोत. कारखान्यानं एक बटण दाबून सांगायचं की मूल बरं आहे. बाई त्यांच्याशी भांडल्या. त्या माझ्या सीटवर बसून काकांना सांगत होत्या, तेव्हा हे सगळं मी ऐकलं. साहेबांचं म्हणणं असं, की एवढ्या ठिकाणी एक बाई आणि एक व्हॅन पुरणार कशी? त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी ठरलं, की तक्रार आली तरच जायचं, आणि जाण्याआधी साहेबांची परवानगी घ्यायची.

तेव्हापासून मी विभागाच्या दारात उभी राहू लागले. काका समोरच्या बाकावर बसून राहत. काच पुसायचे, पण ती मळतेय कुठं? बाईंच्या खोलीत आता आणखी चौघांची टेबलं मांडली होती. म्हणून निवांतपणे फोनवर बोलायचं झालं की त्या माझ्यात येऊन बसत. मी त्यांची गाडी होते, ती आता त्यांची खोली झाले.

तिथंच त्यांना चौकशीताईचा फोन आला. ती एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात इंटर्नशिपला लागली होती. कारखाना यादीत नवीन होता आणि आमच्यापैकी कुणीच तो पाहिला नव्हता. ती पहिल्या दिवशी एकटीच, बस बदलत गेली होती. ती सांगत होती, खळ लावायच्या यंत्रावर रोलरच्या पुढं, हात आत जाऊ नये म्हणून, जी जाळी असते ती काढून ठेवलीय. जाळी असली की साफसफाईला वेळ लागतो, म्हणून. तिनं तिथं विचारलं तेव्हा, आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, असं उत्तर मिळालं होतं.

बाईंनी तिला त्या यंत्राजवळ जाऊ नकोस असं बजावलं. लगेच कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला. तो गोड बोलला. जाळी दुरुस्तीला गेली होती, आजच बसवतो, म्हणाला. दोन दिवसांनी त्यानं आपणहून कळवलं, की बसवली. बाईंनी मुलीला विचारलं, तर तिची पाळी दुसऱ्या विभागात होती. तिनं अजून पाहिलं नव्हतं.

तरी बाई साहेबांकडं गेल्या. परत येऊन माझ्यात बसल्या आणि दार उघडंच ठेवलं.

‘काय म्हणाले?’ काकांनी विचारलं.

‘म्हणाले, तक्रार मिटली ना? मग आता काय बघायला जायचं?’

‘मग? निघायचं का तसंच?’

बाईंनी जरा विचार केला. त्या दिवशी त्यांच्यापुढं परीक्षकांची बैठक होती, मुलांचे मूल्यमापनाचे अहवाल पडले होते. ‘पुढच्या आठवड्यात बघू,’ त्या म्हणाल्या. ‘परवानगी काढतेच मी.’

माझ्या टाकीत इंधन होतं. किल्ली काकांच्या खिशात होती. रस्ताही मोकळा असेल. मी तिथंच उभी राहिले. मला उभं राहण्याशिवाय दुसरं काय येतं?

पुढचा आठवडा उजाडायच्या आत ते घडलं. दुपारची वेळ होती. त्या दिवशी यंत्रावरचा माणूस आला नव्हता, म्हणून मॅनेजरनं तिला तिथं उभं केलं. तिनं बहुतेक जाळीबद्दल विचारलं असेल. ती विचारल्याशिवाय राहिली असेल असं मला वाटत नाही. एप्रनची बाही रोलरमध्ये गेली, आणि बाहीच्या मागून ती.

बाईंना फोन आला तेव्हा त्या जिन्यात होत्या. तिथंच पायरीवर बसल्या. काका धावत त्यांच्याकडं गेले आणि मग धावत माझ्याकडं आले. ना परवानगी, ना काही. आम्ही इस्पितळात पोचलो तोवर विचारायला काही उरलं नव्हतं.

काही दिवसांनी तिचे आईवडील आले. वडील शिंपी होते. ठेंगणे, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलताना बोटांची चाळवाचाळव. त्यांनी एकच मागणं केलं, की पोर जिथं गेली ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची आहे. साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं, नेमकं माझ्यापाशीच. कारखान्याच्या अहवालात विद्यार्थिनीची बाही सैल होती असं लिहिलंय, ते म्हणाले. चौकशी चालू आहे. तुम्ही सोबत जा, धीर द्या, पण जाळीचा विषय काढू नका. विद्यापीठ अडचणीत येईल आणि तुम्हीही.

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मला कळलं नाही.

माझी बॅटरी बसली होती. काकांनी आणि कार्यशाळेच्या लोकांनी मला ढकलून सुरू केलं. बाई पुढं बसल्या, आईवडील मागं. कारखान्यात त्यांना ते यंत्र दाखवलं गेलं. ते आता बंद होतं, पुसून लख्ख केलेलं, आणि त्याच्यापुढं नवी हिरवी जाळी बसवलेली. आई तिथं उभीच राहिली नाही, म्हणे. वडिलांनी मात्र जाळीला हात लावून पाहिला.

परत येताना बराच रस्ता सरला. मग वडील हळूच म्हणाले, ‘एप्रन मी शिवला होता.’

बाई मागं वळल्या.

‘बाही बोटभर लांब ठेवली होती. ती म्हणाली होती, बाबा, जरा आखूड करा. मी म्हटलं, धुतल्यावर आटेल. राहू दे.’ त्यांची बोटं गुडघ्यावर, तिथंच, कापड दुमडल्यासारखी हलत होती. ‘अहवालात लिहिलंय तसं. एवढी वर्षं लोकांचे कपडे बेततोय, आणि पोटच्या पोरीचंच माप चुकलो.’

आई खिडकीबाहेर बघत होती. त्या घरात हे बोलणं याआधी कितीदा झालं असेल, ते तिच्या पाठीवरून कळत होतं. काकांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं.

‘बाहीनं काही झालं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तुमचं माप बरोबर होतं. आज पाहिलीत ती जाळी तेव्हा तिथं नव्हती. तुमच्या मुलीनं मला आधीच सांगितलं होतं. मी फोन केला. मॅनेजर म्हणाला, बसवली, आणि मी ते ऐकून घेतलं. मी जाऊन बघितलं नाही.’

वडील दार उघडून उतरले. रस्त्याच्या कडेनं बरेच पुढं चालत गेले, उभे राहिले, आणि परत येऊन आपल्या जागी बसले. बोटं आता हलत नव्हती.

घर आल्यावर आई उतरली. ती बाईंच्या खिडकीपाशी आली.

‘सांगितलंत ते बरं केलंत,’ ती म्हणाली. ‘हे रात्रंदिवस कात्री हातात घेऊन नुसते बसतात. आता निदान झोपतील.’ मग म्हणाली, ‘पण परत आमच्या दारी येऊ नका, बाई. मला तुमचं तोंड बघवणार नाही.’

बाई ‘बरं’ म्हणाल्या. परतीच्या वाटेवर काकांनी रेडिओ लावला नाही. बाई रडल्याही नाहीत.

चौकशी समितीपुढंही त्यांनी तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. अहवालातली बाही खोडली गेली. मॅनेजरवर खटला उभा राहिला. साहेबांची बदली झाली. बाईंना विभागातून काढलं. त्यांनी बाजू मांडायला नकार दिला आणि कालांतरानं विद्यापीठच सोडलं. आता नियम झालाय, की कुणीतरी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय एकाही मुलाला कुठं पाठवायचं नाही. त्यासाठी दोन नव्या व्हॅन आल्यात, करड्या रंगाच्या. सकाळी त्या फाटकातून बाहेर पडतात तेव्हा मला आवाज ऐकू येतो. काका निवृत्त झाले. मला कुणी ढकलायलाही येत नाही. ज्या मुलांना या नियमामुळं सांभाळलं जातंय, त्यांना तो का झाला हे ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते सांगवत नाही.

मित्रांनो, माझं गंजणं मनावर घेऊ नका. गाडी गंजतेच. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाला तरी कामाला, शिकायला, परक्या ठिकाणी पाठवाल. त्याची खुशाली विचाराल, आणि पलीकडून उत्तर येईल की सगळं ठीक आहे. तेवढ्यावर थांबू नका. बैठक राहू द्या, अहवाल राहू द्या, कुणाची परवानगी राहिली असेल तर तीही राहू द्या. दारात गाडी उभी असेल तर उठा आणि त्याच दिवशी जाऊन या.

फोनवर सगळं ठीकच असतं.