चौथ्या सवारीचं हॉटेल

ओव्हरसियर बसथांब्यासाठी चुन्याची रेघ मारायला वाकला, त्याच्या आत सूर्यभानने आपलं बाकडं उचलून बाजूला केलं. मग पाण्याचा रांजण सरकवला, रांजणाआड बसलेलं कुत्रं हाकललं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर टाच आपटून दाखवली.

"साहेब, हितली जमीन लई घट हाय. खांब रोवला की हालायचा न्हाई."

रस्त्यापलीकडे सायकली भाड्याने देणारा श्रीमंत नावाचा गडीही आपल्या दुकानापुढे टाच आपटून मोकळा झाला होता. त्याच्याकडे लिंबाची सावली होती. सूर्यभानने प्रवाशांच्या निवाऱ्यासाठी स्वतःच्या छपरावरचे दोन पत्रे देऊ केले. लिंब काय, तो सरकारचाच होता. पत्रे मात्र नवे होते. शिवाय दोन दिवस ओव्हरसियरपुढे गरम भजी येत होती, त्याची नोंद कुठे झाली नाही. भिंगारच्या नाक्यावर थांब्याचा खांब सूर्यभानच्या हॉटेलापुढे रोवला गेला.

त्या वर्षी नगर शहराने मनावर घेतलं होतं. दुष्काळ सरून पाऊस बरा झाला होता आणि नव्या कोऱ्या बसगाड्या आल्या होत्या. रस्ते डांबरले जात होते, जागोजागी थांबे ठरत होते. स्टेशनापासून माळीवाडा, माळीवाड्यापासून भिंगार, दर अर्ध्या तासाला गाडी. माणूस भरो न भरो, वेळ झाली की सुटणार. या शेवटच्या वाक्याकडे सूर्यभानने नीट लक्ष दिलं नाही, आणि तिथेच त्याचा हिशेब चुकला.

कारण त्याचं हॉटेल चालायचं ते चौथ्या सवारीवर. चार सवाऱ्या झाल्याशिवाय नाक्यावरचा टांगा हलत नसे. पहिली तीन माणसं यायची, टांग्यात पिशव्या ठेवायची आणि चौथ्याची वाट बघत बाकड्यावर टेकायची. टेकलं की चहा. चौथा लांबला की भजी. फारच लांबला, तर दुसरा चहा आणि गावातल्या कुणाच्या तरी सुनेची निंदा. चौथी सवारी म्हणून कुणी ओळखीचं नव्हतं, पण सूर्यभानचा संसार पंधरा वर्षं तिच्या उशिरावर उभा होता.

टांगेवाल्यांत गहिनीनाथ सगळ्यात जुना. त्याने बशीत चहा ओतता ओतता खांबाकडे पाहिलं.

"सूर्यभान, बस चहा पीत न्हाई. डिझेल पिती."

"बस न्हाई पीत, पर आतली चाळीस मानसं पितील का न्हाई?"

गहिनीनाथ हसला आणि बशी फुंकत राहिला. त्याच्या मिशीला लागलेला चहाही त्याने वाया जाऊ दिला नाही.

पहिल्या दिवशी बसला झेंडूच्या माळा होत्या, नारळ फुटला, श्रीमंतनेही वर्मी लागल्याचं न दाखवता पेढा घेतला. त्या दिवशी चहा इतका गेला की सूर्यभानची बायको छबूबाई कपबशा विसळता विसळता थकली. सूर्यभानने रात्री आणखी दोन डझन कपबशा घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घ्यायचं कारण उरलं नाही. माणसं घरून बसच्या वेळेचा अंदाज बांधून निघत, खांबाशी येत, निवाऱ्यात उभी राहत आणि गाडी आली की चढून जात. निवारा सूर्यभानच्या पत्र्यांचा होता. त्याखाली उभी माणसं त्याच्याकडे प्रेमाने बघत, रामराम करत; चहा मात्र मागत नसत. एखाद्याने मागितलाच, तर बस दिसताच अर्धा टाकून पळे. टांगे माळीवाड्याच्या रस्त्यावरून उठले. बाकडी रिकामी पडली, आणि त्यांच्यावर येऊन बसायला ते हाकललेलं कुत्रं तेवढं मोकळं होतं.

सूर्यभान हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. त्याने भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे टाकलं. वेळ आहे असं समजून बसलेल्या एका गृहस्थाची गाडी चुकली. तो पुढच्या गाडीपर्यंत अर्धा तास बसला खरा, पण रागाने पाणीसुद्धा प्यायला नाही. छबूबाईने स्टूल ओढलं, वर चढून घड्याळ पुन्हा पुढे केलं. मग सूर्यभानने ड्रायव्हरला फुकट चहा सुरू केला, तोही असा उकळता की पिऊन होईपर्यंत गाडी हलू नये. पण ड्रायव्हर होता शेवगावचा कानिफनाथ. त्याने पेला तोंडाला लावला, एका घोटात रिकामा केला, तोंड पुसलं आणि घंटी वाजताच गाडी काढली. त्याच्या घशाला आतून पत्रा मारला असावा, अशी सूर्यभानची खात्री झाली.

दिवाळीआधी पाथर्डीहून थोरला भाऊ भिमाजी आला. बरोबर बाजरीचं पोतं होतं आणि पोत्याहून जड उपदेश. यंदा रान पिकलंय, खालचा तुकडा तुझ्याकडे देतो, हे कपबशांचं खेळणं आवर आणि पाडव्याला घरी ये, असं त्याने सांगितलं. रिकाम्या बाकड्यांवर त्याने असा हात फिरवला, जसा गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवरून फिरवतं. सूर्यभानला त्या तुकड्याचं वावडं नव्हतं, पण तो घेतला की बांधावर रोज भावाचा शब्द ऐकावा लागणार होता. आणि छबूबाईला चुलीपुढे थोरल्या जावेचा. भाऊ गेल्यावर तिने किटली घासायला घेतली ती इतका वेळ, की सूर्यभानला किटलीची दया आली.

"तुमाला जायाचं तर जावा. मी हितं बाकडी पुसती."

तिला इतकं ठाम बोलताना त्याने फारसं ऐकलं नव्हतं. पाडव्यापर्यंत बघू, असं तो पुटपुटला, आणि ते दोघांनाही पुरेसं वाटलं.

मग एका संध्याकाळी काकासाहेब उतरला. हा कोर्टात कारकून. पूर्वी कचेरी सुटल्यावर टांगा भरेपर्यंत माळीवाड्यात ताटकळायचा आणि दिवेलागणीला धुळीने माखून घरी जायचा. आता उन्हं होती तोवरच तो नाक्यावर पोचला. त्याने घराच्या दिशेने पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि बाकड्यावर येऊन टेकला.

सूर्यभानने विचारलं, घरी नाही जायचं का?

"घरी दिवेलागणीला वाट बघत्यात. आत्ता गेलो तर दळान आनायला धाडतील."

त्याने चहा घेतला. घोट घोट घेतला. मागच्या गाडीने त्याचेच दोन सोबती आले, तेही आभाळाकडे बघूनच टेकले. आठवडाभरात बाकड्यांवर जागा उरेना. शहराने डांबर आणि डिझेल ओतून प्रत्येकाचा दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास वाचवला होता, आणि तो वाचलाय ही बातमी एकानेही घरी दिली नव्हती. कुणाच्याच घरच्या हिशेबात नसलेला तो वेळ रोज संध्याकाळी सूर्यभानच्या बाकड्यांवर येऊन बसायचा, भजी मागायचा, आणि दिवे लागले की दमल्याचा चेहरा करून उठायचा. सूर्यभानने सकाळची चूल बेताची ठेवली आणि संध्याकाळची दुप्पट केली. श्रीमंतने पलीकडून दोन दिवस हे पाहिलं, तिसऱ्या दिवशी तोही दुकान नोकरावर टाकून येऊन बसला.

गहिनीनाथचंही बरं चाललं होतं. एकेका बसमधून इतकी माणसं उतरत, की आतल्या वस्त्यांवर जाणारा त्याचा टांगा उभ्या उभ्या भरायचा. आता चौथ्यासाठी थांबायचं सोडाच, पाचव्याला तो नाही म्हणायचा, आणि तेही ऐटीत. पाडव्याला पाथर्डीला निरोप गेला, की यंदा जमायचं नाही. निरोपाबरोबर छबूबाईने जावेला लाडू धाडले, जरा जास्तच.

सूर्यभान आता बाकड्यांकडे बघून मनातल्या मनात मांडणी करायचा. हा अमक्याचा अर्धा तास, तो तमक्याचा पाऊण. कोण कुणापासून काय लपवतो, ते त्याला चेहऱ्यावरून कळे, आणि त्याची त्याला गंमत वाटे. अशाच एका गुरुवारी तो कढईत भजी सोडत असताना बसमधून छबूबाई उतरली. हातात चहापत्तीची पिशवी. पाठोपाठ दिवे लागले.

झारा त्याच्या हातात तसाच राहिला. छबूबाई दर गुरुवारी दुपारी आडतेबाजारात चहापत्ती आणायला जायची. टांग्याच्या काळात जेवणं उरकून निघायची ती दिवेलागणीला परतायची. आता बस होती. निघायची तेव्हाच, परतायचीही तेव्हाच. सगळ्या नाक्याच्या वेळेचा जमाखर्च ठेवणाऱ्या माणसाला घरचा आकडा आज दिसला होता. भजी करपली.

पुढच्या गुरुवारी ती गेली, आणि मागच्या गाडीने तो गेला. गल्ल्यावर गहिनीनाथला बसवलं. साखरेचा भाव बघून येतो म्हणाला. आडतेबाजारातल्या दुकानदाराने सांगितलं, वहिनी मघाच पत्ती घेऊन गेल्या. सूर्यभान बाजार पालथा घालत माळीवाड्याच्या थांब्यापाशी आला. समोर फरशीच्या टेबलांचं मोठं हॉटेल होतं, वर पंखे, एका बाजूला बायाबापड्यांसाठी पडदा लावलेली खोली. पंख्याच्या वाऱ्याने पडदा उडाला.

छबूबाई खुर्चीवर बसली होती. शेजारच्या खुर्चीवर चहापत्तीची पिशवी, पाहुणीसारखी. पाय जमिनीला पुरत नव्हते आणि ते ती हळूहळू हलवत होती. समोर बशीत चहा. ती कुणाशी बोलत नव्हती, कुणाची वाट बघत नव्हती. नुसती बसली होती. शेवटचा घोट घेऊन तिने तोंड जरा वाकडं केलं. चहा फार उकळला की ती तसं करायची. मग पोऱ्याला हाक मारली.

"आनखी एक आन. आनि ह्यो कप उचल आधी, माशा बसत्यात."

पंधरा वर्षं दुसऱ्यांची मागणी ऐकणाऱ्या बाईचा तो आवाज नव्हता. तो गिऱ्हाइकाचा आवाज होता. सूर्यभान पटकन खांबाआड झाला आणि आलेल्या पहिल्या गाडीत चढला. गाडीत त्याला बसायला जागा होती, तरी तो उभाच राहिला, आणि उगाचच हसत राहिला. कंडक्टरने तिकिटासाठी दोनदा विचारलं.

दिवेलागणीला ती उतरली. पदराने कपाळ पुसलं.

"उशीर झाला जरा. लई गर्दी हुती."

"व्हय, गुरुवारी असतीच," तो म्हणाला. "च्या घेतीस का? ताजा केलाय."

"नगं. पित्त व्हतं मला च्यानं."

त्याने मान हलवली आणि काकासाहेबाला दुसरी बशी दिली.

सोमवारी सकाळी तिने चूल पेटवली तेव्हा सूर्यभान फळीपाशी पाठमोरा उभा होता. अर्ध्याहून जास्त भरलेला पत्तीचा डबा त्याने पिठाच्या पिंपामागे सरकवला, हात झटकले आणि बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाला,

"पत्ती गुरुवारपतुर पुरंल असं वाटत न्हाई. आजच जाऊन येतीस का?"