सगळ्यांना गेलेला निरोप

त्र्याण्णवच्या गळीत हंगामात गोदाकाठच्या त्या साखर कारखान्यात संगणक आला आणि चार ठिकाणी चार पडदे बसले: कचेरीत, गोदामात, वजनकाट्यावर आणि चेअरमनच्या दालनात. पुण्याच्या इंजिनिअरनं शिकवलं, युनिक्स नावाच्या या प्रणालीत ज्याला निरोप द्यायचा त्याचं नाव टाका, पुढं मजकूर लिहा, त्याच्या पडद्यावर लगेच उमटतो. नाव न टाकता सगळ्यांना एकदम धाडायचीही सोय होती, पण ती म्हणे आग लागली तरच वापरायची.

मल्लम्मा कचेरीत टायपिस्ट, नवरा लिंगराज काट्यावर कारकून. बाई टाइपरायटर बडवायला एक नंबर, पण नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. तोंडानं घेतलं काय नि बोटानं दाबलं काय, तिच्या लेखी सारखंच. डबा आणलाय एवढं कळवायचं तरी ती गोदामातल्या लिंबाजीला लिहायची आणि तो बिचारा पुढं धाडायचा. सगळा कारखाना तिची टर उडवायचा. तिला काडीची फिकीर नव्हती.

एका दुपारी चेअरमन दिनकरराव दार उघडं टाकून फोनवर बोलत होते. आपल्या ट्रॉलीत उसाखाली दगड भरलेत, पावतीवर लिंगराजाची सही होऊ द्या, उद्या सभासदांनी बोंब मारली की त्यालाच घरी बसवू. बाहेर कचेरीत बसलेल्या मल्लम्मानं ते सगळं ऐकलं. ट्रॉली फाटकातून आत शिरत होती आणि काटा पार त्या टोकाला. तिनं लिंबाजीला लिहिलं, पण तो चहाला उलथला होता. मग तिनं नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं, जीभ चावली, खोडलं. शेवटी तिनं आगीची सोय वापरली.

"अहो, दिनकररावांच्या ट्रॉलीत उसाखाली दगड हायत. सही करू नका. तुमालाच अडकवायलेत."

काट्यावरच्या पडद्याभोवती शेतकऱ्यांचा कायम घोळका असायचा. एकानं ते मोठ्यानं वाचलं. लिंगराजानं पेन खिशात घातला. चारपाच गडी ट्रॉलीवर चढले, ऊस उपसला आणि दगड धडाधड खाली आले.

दिनकररावांनी तिला दालनात बोलावलं. बाहेर सभासद जमले होते, त्यामुळं ओरडायची सोय राहिली नव्हती. दात आवळून त्यांनी विचारलं, एकट्या नवऱ्याला कळवायला काय झालं होतं?

"त्यांचं नाव टाकावं लागतं. आमच्यात घेत नसत्यात."

"आणि माझं बरं घेतलं, चार पडद्यांवर?"

"तुमचं घ्यायला काय हाय," मल्लम्मा म्हणाली. "तुमी माझे कोण लागता?"