बुरशी की गांधीलमाशी

जगातले सगळे जीव शेवटी दोनच प्रकारचे: मुक्काम ठोकणारे आणि बिऱ्हाड हलवणारे. हा सिद्धान्त मी चंदीगडला, मुलाच्या घरी, नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केला. सून जाई म्हणाली, "बाबा, मिशीला पोहे लागलेत."

सिद्धान्ताची गरज माझ्या नातीला होती. नेत्राला पीएचडीचा विषय संध्याकाळपर्यंत विद्यापीठात कळवायचा होता. एक मॅडम लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर काम करतात, एक सर खसखशीएवढ्या गांधीलमाशीवर. दोघांनीही तिला बोलावलेलं. घरात दोन पक्ष पडले, म्हणून रिकामा माणूस पाहून मला न्यायाधीश नेमलं.

मी पुरावे मागवले. नेत्राने ते हिंदीत दिले, मी मराठीत ऐकले. बुरशी झाडात शिरते आणि वर्षानुवर्षं आतलं लाकूड खाते. वर पालवी फुटतच असते, त्यामुळे कुणाची तक्रार नाही. गांधीलमाशी दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्यातून अळीऐवजी नवी माशी निघते आणि पीक वाचतं. मला बुरशी एखाद्या जुन्या खात्यासारखी वाटली, आणि माशी तिथे आलेल्या नव्या साहेबासारखी.

जाईचं मत बुरशीला, कारण पोरगी जेवायला घरी येईल. माझ्या मुलाचं, विक्रमचं, माशीला. तो बँकेत, सात बदल्या झालेला. त्याचं म्हणणं, इथल्या जवळच्या मुल्लानपूरच्या शेतांपासून पार विदर्भातल्या कपाशीपर्यंत फिरायला मिळेल, चार गावं बघून होतील. मी घसा खाकरून निकाल दिला: माशी. वर पाच मिनिटं कारणमीमांसाही केली.

नेत्राने ती पूर्ण ऐकून घेतली. मग विक्रमकडे वळून चक्क मराठीत म्हणाली, "पाच शाळा झाल्या माझ्या, बाबा. मला आता चार वर्षं एकच झाड बघायचंय."

पॅसेजमध्ये भोपाळहून आलेलं एक खोकं तीन वर्षं तसंच बांधलेलं होतं, पुढच्या बदलीला तयार. विक्रम कात्री घेऊन उठला आणि त्याची सुतळी कापू लागला.

नेत्राने मॅडमना होकार कळवला. आता माझ्या निकालाबद्दल दोन शब्द येतील म्हणून मी ताठ बसलो.

"आजोबा, एक रिक्वेस्ट है," ती म्हणाली. "सुबह पार्क में जिस आम के पेड़ से आप पीठ टिकाते हो ना, मत टिकाना. मॅडम का पेड़ वही है."