पाळण्याच्या फळीचा पेच

मिनेसोटातल्या आपल्या गॅरेजमध्ये व्हर्ना लिंडक्विस्ट संगणकावर चालणाऱ्या कोरणीयंत्रासमोर डोके धरून बसल्या होत्या. रविवारी नातीचा बाप्तिस्मा होता, पाळण्याची फळी अजून कोरायची होती आणि नव्या लॅपटॉपवर यंत्र गचके खात होते.

"व्हर्ना, प्रिंटर जोडायची जुनी खाच असलेला कॉम्प्युटरच घे, यंत्राची तार थेट त्यात बसते," शेजारचा ऑर्विल म्हणाला.

"ऐकू नकोस त्याचं! यंत्राला हुकूम देणारी वेगळी पेटी, कंट्रोलर घे, मग कुठलाही कॉम्प्युटर चालेल," त्याची बायको डोरीन कडाडली.

"तुमच्या घरच्या यंत्राला काय लावलंय?" व्हर्नांनी विचारले.

"दोन्ही आहेत. पण आमच्या भांडणातून कोरायला सवड कुठाय?" ऑर्विल म्हणाला.

"मग दोन्ही आणा!" व्हर्नांनी फर्मावले.

टाकाऊ लाकडावर करून पाहिले, तर कॉम्प्युटर आणि कंट्रोलर दोन्ही बिनचूक चालले. व्हर्ना अधिकच गोंधळल्या. शेवटी त्या क्षणी जो जोडलेला होता, त्यानेच त्यांनी फळी कोरून घेतली आणि निवड सोमवारवर ढकलली.