डावीकडचा चौकोन

"मॅडम, ही पोरगी एका महिन्यात नऊ किलो वाढली म्हणतंय तुमचं यंत्र," वत्सलाबाई म्हणाल्या. "हिला काय तुपात बुडवून ठिवली व्हती का?"

संस्कृती त्यांच्या मांडीवर मुरमुरे खात होती. तिच्या दंडाला बाईंची दोन बोटं सहज वेढा घालत होती.

तलवाड्याजवळच्या वस्तीवर वत्सलाबाईंची अंगणवाडी. पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परतली की बाई आधी पोरांना काट्यावर घालायच्या, मग आईबापांची खुशाली विचारायच्या. यंदा वजनं कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरायची होती. वजन घटलेल्या पोराची ओळ लाल आणि लाल ओळीलाच जादा आहार. संस्कृतीची ओळ हिरवीगार होती. तिला काही मिळणार नव्हतं आणि बाईंचा जीव त्यातच अडकला होता.

पर्यवेक्षिका शिवकन्या वयानं त्यांच्या लेकीएवढी. तिनं लॅपटॉप पुढं ओढला.

"सूत्र कसं लिवलं, बाई?"

"तुमी शिकवलं तसंच. ह्या महिन्यातून मागला महिना वजा. एकदाच लिवलं अन् खाली, उजवीकडं वढत गेले."

"तिथंच घोळ झाला. सूत्राला पोरगं कळत न्हाई. डावीकडच्या चौकोनातलं वजन घ्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. सूत्र सरकलं की तो चौकोनबी सरकतो. मागल्या महिन्यात संस्कृती कुठं व्हती?"

"फडात, आईसंगं."

"मंग चौकोन रिकामा. नऊतून काहीच न्हाई गेलं, नऊच उरले."

मोजायला कुणी नव्हतं म्हणून वजन वाढलं. इतकी वर्षं कागद भरलेल्या वत्सलाबाईंना यात फारसं नवल वाटलं नाही.

"मंग त्याला म्हणावं, दिवाळीला तोडीच्या गाड्या निघायच्या आधीचं वजन धर अन् सोडू नगं."

शिवकन्या हसली. तिनं सूत्रात मागल्या महिन्याऐवजी दिवाळीचा रकाना घातला आणि त्याच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह टाकलं. "आता हा रकाना हालायचा न्हाई. ओळीचा आकडा मात्र मोकळा ठेवायचा, न्हाईतर समदी पोरं पहिल्या पोराशीच तोलली जातील."

तिनं सूत्र खाली ओढलं. संस्कृती लाल झाली. बाईंना बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. फडावरून आलेली पोरं एकामागून एक लाल होत गेली.

शेवटच्या ओळीपाशी शिवकन्या थांबली. "युवराज. उणे अकरा? ह्याचं तर सगळं वजनच गेलंय. या महिन्याचं भरायचं राहिलं वाटतं. आधी दोन्ही चौकोन रिकामे, म्हणून शून्य दिसत व्हतं."

"कुणाला काट्यावर घालू, मॅडम? त्याची आई एकलीच आली. तिकडंच तापात गेलं लेकरू."

 शिवकन्या हळूच म्हणाली, "ही ओळ काढावी लागंल, बाई."

"काढा की. पर आजच्या दिस ऱ्हाऊ द्या. मघा त्याच्यापुढं शून्य व्हतं. गेल्याचं कुणाला कळलंबी नसतं."

शिवकन्यानं ओळीला हात लावला नाही. वत्सलाबाईंनी संस्कृतीला खाली उतरवलं, काट्याची झोळी हुकावरून काढली आणि पदरानं आतून पुसून घेतली.